अखाजीचा घास

रविवार, ९ मार्च २००३

आज जे पाहिलं ते अजून डोळ्यांसमोर उभं आहे. चहा दोनदा गार झाला. सरिता म्हणाली, "अहो, भूतबीत पाहिलंत की काय?" म्हटलं, तसंच समज.

वाल्मीकची भाड्याची जीप घेऊन पेठच्या पलीकडे एक धबधबा शोधायला गेलो होतो. मार्चात धबधबा शोधणारा अख्ख्या नाशकात तुम्ही एकटेच, असं वाल्मीक घाटातच म्हणाला आणि ते खरं निघालं. धबधब्याच्या जागी कोरडा कडा आणि कड्यावर शेळ्या. परतताना प्यायला पाणी मागावं म्हणून सावरदरा नावाच्या पाड्यावर थांबलो, तर पाड्याच्या वरच्या उतारावर माणसंच माणसं उभी! हलत नाहीत, बोलत नाहीत. 

जवळ गेलो तर लाकडी खांब. कमरेएवढे, गेरूनं-चुन्यानं रंगवलेले. वर चंद्र-सूर्य, खाली कोरलेला माणूस आणि त्याच्या हातात त्याचं जे काही असेल ते. कुणाची वाजवायची पावरी, कुणाची कुऱ्हाड. एकाच्या खांबावर चक्क सायकल! पाड्याचे कारभारी केरूबाबा काठी टेकत वर आले. म्हणाले, "आमची मेलेली मानसं हायेत. हितं उभी राह्यलीत."

त्या एवढ्याशा पाड्याचा रिवाज असा की माणूस गेला की त्याचा खांब रोवायचा. मग दर अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरच्या माणसानं पळसाच्या पानावर घास आणायचा, खांबापुढे ठेवायचा, नाव घेऊन तीनदा हाक मारायची आणि पाठ फिरवून थेट घरी. मागे वळून बघायचं नाही. "बघितलं तर?" मी विचारलं. केरूबाबा म्हणाले, "तर मेलेलं माणूस मागं मागं घरात येतं."

एक खांब बाईचा होता, डोक्यावर कांद्याची पाटी. बाकीचे उन्हापावसानं विटलेले, हा मात्र कालच रंगवल्यासारखा. "हिची आय दरसाल रंगवती," केरूबाबा म्हणाले.

रुमानियातल्या एका खेड्यात निळ्या रंगाची स्मशानभूमी आहे. प्रत्येक लाकडी फळीवर मेलेल्या माणसाचं चित्र, खाली त्याच्यावर चार ओळी. फिलिपाइन्समध्ये कड्यावर शवपेट्या टांगतात. इंडोनेशियात कड्यातल्या सज्ज्यांमध्ये मेलेल्यांचे लाकडी पुतळे ओळीनं उभे करतात. हे सगळं मी दोन वर्षं कात्रणं कापून आणि स्लाइड दाखवून लोकांना सांगत सुटलोय, आणि आमच्या पेठच्या जंगलात ते आधीपासून उभं! मला धक्काच बसला, आणि खरं सांगायचं तर रागही आला. कुणी सांगायचं नाही का?

बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली त्याला दोन वर्षं झाली. 'अनवट सहली' अशी पाटी करून ठेवलीय, सहल मात्र एकही निघालेली नाही. सरितानं मुदत घातलीय: उन्हाळ्यात सहल निघाली नाही तर तिच्या भावाच्या विंचूरच्या कांद्याच्या शेडवर हिशेब लिहायला बसायचं. आता बसत नाही म्हणावं.

बुधवार, १२ मार्च

फोटो धुऊन आले. सुंदर. जेवताना सरिताला एकेक दाखवत होतो. सुलाबाई भाकरी टाकत होत्या, त्यांनाही बोलावलं. दहा वर्षं आमच्याकडे स्वयंपाक करतात, त्याही पेठकडच्याच कुठल्याशा. गाव विचारलं की "माझं कोनी नाय तिकडं" एवढंच म्हणतात आणि लंगडत आत निघून जातात.

तर त्यांनी कांद्याच्या पाटीवाल्या खांबाचा फोटो हातात घेतला आणि बघतच राहिल्या. मी केरूबाबांचं ऐकलेलं सगळं रंगवून सांगितलं. त्या बाईची आई दरसाल खांब रंगवते, हेही.

"अजून रंगवती?" सुलाबाई म्हणाल्या.

'अजून' का म्हणाल्या कुणास ठाऊक. तिकडच्या बोलीत तसंच म्हणत असतील. आणि मग आमच्या घराच्या इतिहासात प्रथमच भाकरी करपली. स्वयंपाकघरभर धूर. दहा वर्षांत करपलेली भाकरी मी पाहिली नव्हती, आम्ही दोघं तोंड उघडं टाकून बघत राहिलो. सुलाबाई तवा उतरवायचं सोडून उभ्याच. बिचाऱ्या भुताला घाबरल्या असाव्यात. आडरानातली माणसं, चालायचंच.

सोमवार, २४ मार्च

काल वर्ल्ड कपची फायनल हरलो. त्यावर काही लिहीत नाही.

सहलीला नाव एकही नाही. "मेलेल्यांचे खांब बघायला उन्हात कोण येणार, प्रफुल्ल?" असं बँकेतला जुना मित्र म्हणाला. आधी त्र्यंबकला तरी जाऊन ये म्हणाला. कुंभमेळ्यासाठी सगळं शहर खणून ठेवलंय, सगळ्या जगाला नाशकात एकच गोष्ट बघायची आहे, आणि ती मी दाखवत नाही.

शिवाय पाटीवाल्या खांबाचा फोटो गायब! सगळं घर पालथं घातलं. शेवटी तांदळाच्या डब्यामागे सापडला, भिंतीला टेकवून नीट उभा केलेला. सुलाबाईंना विचारलं तर मान खाली. म्हटलं, "अहो, भीती वाटते आणि फोटो जवळ ठेवता?" तर म्हणाल्या, "भीती नाय वाटत, दादा. राहू द्या ना."

राहू दिला. माझ्याकडे निगेटिव्ह आहे.

सोमवार, १४ एप्रिल

जयंतीचा दिवस. सकाळी वंदना, मिरवणूक, आणि मग दुपारी वस्तीच्या हॉलमध्ये माझा स्लाइड-शो. कधी नव्हे ते गर्दी. आधी रुमानिया, मग इंडोनेशिया, शेवटी सावरदरा. सावरदरा आल्यावर हॉलमध्ये 'आँ' असा आवाज उठला. त्या एका 'आँ'साठी मी दोन वर्षं जगतोय.

पण आमचे सावळीराम काका उठले. "प्रफुल्ल, आपण बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं. श्राद्ध नाही, पिंडदान नाही. आणि तू मेलेल्यांचं जेवण बघायला लोकं नेणार?"

म्हटलं, "काका, मानायला नाही, बघायला. मेलेला माणूस जेवायला येत नाही हे मला ठाऊक आहे." टाळ्या पडल्या. मागे भिंतीला टेकून सुलाबाई उभ्या होत्या. त्या आल्यात हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं.

आणि आता खरी बातमी! पूर्वेकडे पसरलेल्या त्या नव्या तापाच्या साथीनं लोकांच्या सिंगापूर-बँकॉकच्या सहली रद्द होतायत. डॉक्टर टिपणीस, त्यांचे मित्र, राखी नावाची एक फोटोग्राफीची विद्यार्थिनी, सगळ्यांनी नावं दिली. सिंगापूर नाही तर सावरदरा! मी खुर्चीत बसूनच राहिलो. अखाजी रविवारी येतेय, चार मे. घास ठेवण्याचाच दिवस. उद्या केरूबाबांकडे जाऊन विचारतो.

बुधवार, १६ एप्रिल

केरूबाबा हो म्हणाले. अट एकच: वर मोहाच्या झाडाखाली बसायचं, बोलायचं नाही, आणि बाया पाड्यात पोचेपर्यंत खाली उतरायचं नाही. कबूल केलं. यात काय अवघड आहे?

रविवार, २७ एप्रिल

सहलीसाठी ठरवलेल्या स्वयंपाक्यानं ऐनवेळी हात वर केले. त्याच दिवशी लग्नाची ऑर्डर आहे म्हणे. अखाजीला लग्नं असतात हे मला सुचू नये? सुलाबाईंना म्हटलं, तुम्ही चला, जीपमधून फिरून या. तर त्यांच्या हातातलं भांडं पडलं. "नाय दादा. मी त्या वाटंला नाय येनार." समजावलं, भूतबीत काही नसतं म्हणून सांगितलं. ऐकायला तयार नाहीत.

आणि संध्याकाळी स्वतःच दारात उभ्या. "अखाजीलाच जानार ना, दादा? मग येते मी."

माझ्या बोलण्याचा परिणाम उशिरा होतो, पण होतो. सरितालाही सांगितलं. ती म्हणाली, "तुमच्या बोलण्यानं नाही आल्या त्या. मी बघत होते, दुपारभर त्या फोटोपुढे बसून होत्या." सरिताला माझं यश सहन होत नाही.

शनिवार, ३ मे

सगळी तयारी झाली. पाण्याचे कॅन, सतरंज्या, गॉगल, डॉक्टरांचं फोल्डिंगचं स्टूल. सुलाबाईंनी नवं लुगडं काढलंय. म्हटलं, वा, फोटोत छान दिसेल. त्या हसल्या नाहीत.

आज त्या काही जेवल्या नाहीत. सरितानं ताट पुढे केलं तर म्हणाल्या, "आज नको, ताई. उद्या जेवते. तिथंच जेवीन." उपास-तापास आमच्या घरात कुणी करत नाही, पण ज्याचं त्याच्यापाशी.

उद्या अनवट सहलींचा पहिला दिवस. झोप कसली लागतेय.

सोमवार, ५ मे

जसं घडलं तसंच लिहितो. 

सकाळी ऊन चढायच्या आत सावरदऱ्याला पोचलो. सुलाबाईंनी पदर डोळ्यांपर्यंत ओढलेला. मला वाटलं, उन्हानं. केरूबाबा आले तेव्हा त्या जीपच्या पलीकडे पाठ करून बसल्या होत्या. सगळ्यांना पोहे दिले आणि मग दिसेनाशा झाल्या. मंडळी मोहाखाली बसली. राखीनं कॅमेरा लावला. डॉक्टर टिपणीस स्टुलावर.

खालून बाया आल्या. हातात पळसाची पानं, पानांवर नागलीची भाकर, उडदाची डाळ, आंब्याची फोड. जिनं तिनं आपापल्या माणसापुढे पान ठेवलं, हाका मारल्या.  पाटीवाल्या खांबापुढे एक वाकलेली म्हातारी बसली. तिनं पान ठेवलं, खांबाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि हाक मारली, "सुले! सुले! सुले!"

नाव ऐकलं, पण माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. सुला नावाच्या बाया तिकडे घरोघर.

बाया वळल्या, उतार उतरू लागल्या. आणि करवंदीच्या जाळीमागून आमच्या सुलाबाई लंगडत बाहेर आल्या, त्या खांबापुढे मांडी घालून बसल्या, आणि त्यांनी भाकरी मोडून तोंडात घातली.

"अहो, ही तर आपली स्वयंपाकीण!" डॉक्टर ओरडले.

 दुसऱ्याच्या मेलेल्या माणसाचा घास! पाड्यानं दगड मारले असते तरी चूक म्हणता आलं नसतं. सहल गेली, अब्रू गेली, एवढंच डोक्यात. कबूल केलेलं सगळं विसरून मी धावत खाली गेलो, त्यांचं मनगट धरलं. "सुलाबाई, उठा! ते मेलेल्या माणसाचं जेवण आहे!"

त्यांनी तोंडातला घास गिळला. "माझंच हाय, दादा."

मी खांबाकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे पाहिलं. मनगट कधी सोडलं आठवत नाही. माणूस हादरतो म्हणजे काय होतं, हे मला बावन्न वर्षं माहीत नव्हतं. आवाज बंद होतो. सगळी टेकडी, ऊन, मोहाखालची माणसं, सगळ्याचा आवाज बंद झाला होता.

माझ्या मागोमाग आलेले केरूबाबा काठी टाकून तिथंच उभे. पुटपुटत होते, "इंचूरला कांद्यावर गेल्ती. नदीच्या फरशीवरून पुरात ट्रक वाह्यला. पाच मढी गावली, हिचं नाय गावलं. मीच रोवला खांब. ह्याच हातानं रोवला."

बाकीच्या बाया पार खाली पोचल्या होत्या. म्हातारी एकटीच मागे, काठीवर सावकाश चाललेली, आमच्याकडे पाठ. माझी आरडाओरड तिनं मनावर घेतली नसावी. चालता चालता, मागे न बघता तिनं विचारलं, "मीठ बरं पडलंय का गं?"

"दरसाल इचारती," केरूबाबा म्हणाले. "इचारती आन् पुढं जाती."

सुलाबाईंचा हात पानावर तसाच थांबला.  मग त्यांनी उत्तर दिलं.

"बरं पडलंय, आई."

म्हातारी थांबली.

"लंकाबाय!" केरूबाबा किंचाळले. "मागं बघू नको! मागं बघशील तर ती घरात येईल!"

आणि लंकाबाई वळली. अख्खीच्या अख्खी वळली, काठी खाली टाकून. "येऊ दे की," ती म्हणाली. "त्याच्यासाठीच वळले मी."

मग ती पुन्हा पाड्याकडे चालू लागली. सुलाबाईंनी पानावरचं उरलेलं सगळं खाल्लं, कणही ठेवला नाही, हात लुगड्याला पुसले आणि तिच्या मागोमाग लंगडत निघाल्या. दोघींमध्ये अंतर होतं. दोघींपैकी कुणीही ते धावत कापलं नाही. पहिल्या घरापाशी म्हातारीनं दार उघडं धरलं.

केरूबाबा जमिनीवर बसले होते. म्हणाले, "रिवाजानंच गेली. आता कोन काय बोलनार?"

राखीनं एकही फोटो काढला नव्हता.  

मंगळवार, ६ मे

सरिताला सगळं सांगितलं.  ती म्हणाली, "दहा वर्षं. दहा वर्षं मी त्यांना रोज विचारलं, आज भाजी कोणती. आणखी काही विचारलंच नाही." आणि रडायला लागली. मलाही रडू आलं. मेलेला माणूस जेवायला येत नाही, असं मी हॉलभर लोकांसमोर म्हणालो होतो, आणि त्या मागे उभ्या होत्या.

गुरुवार, ८ मे

डॉक्टर टिपणीसांचा फोन. पुढच्या अखाजीला त्यांचे सगळे रोटरीवाले यायला तयार आहेत. दोन गाड्या भरतील म्हणाले. "ती बाई असेल ना?"

सांगितलं, तिथं आता बघण्यासारखं काही नाही. फोन ठेवून दिला. सरितानं विचारलं, कोण होतं. म्हटलं, सिंगापूरवाले. विंचूरला तुझ्या भावाला फोन कर, येतो म्हणावं.

तिनं केला नाही. म्हणाली, कड्यावर शेळ्या बघायला न्या लोकांना, धबधब्याच्या नावाखाली. किती दिवसांनी हसलो.

रविवार, ११ मे

दुपारी दार वाजलं. सुलाबाई. मागे लंकाबाई, अनवाणी, दार ओलांडायला लाजत असलेली.

सरितानं विचारलं, परत का नाही गेलात इतकी वर्षं? सुलाबाईंनी सांगितलं, सरळच सांगितलं. दवाखान्यात महिनोन् महिने पडून होत्या, शुद्ध आली तरी नाव सांगता येत नव्हतं. पाय बरा झाल्यावर पेठपर्यंत एसटीनं आणि पुढे चालत गेल्या. उतारावर पोचल्या तर स्वतःचा खांब, रंग अजून ओला. खाली नवऱ्याच्या अंगणात धाकटी बहीण यसू, हातात हिरव्या बांगड्या. त्यांच्यात मेलेल्या बायकोच्या जागी बहीण देतात. "मी खाली गेले असते, ताई, तर यसू कुठं गेली असती? मी मागच्या मागं फिरले."

"आणि आता?" मी विचारलं.

यसू येऊन त्यांच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडून गेली म्हणे. नवरा अंगणाबाहेरूनच बघून गेला. सुलाबाई आठवडाभर आईकडे राहिल्या. लंकाबाईनं पहिली रात्र त्यांचे पाय चाचपून काढली, पावलं सरळ आहेत ना ते. खांब तसाच उभा आहे. तो उपटायचा कसा, हे पाड्यात कुणालाच माहीत नाही. आजवर तशी वेळच आली नव्हती.

लंकाबाई आमच्या स्वयंपाकघरात उभी होती. ओट्यावरून हात फिरवला, तवा उचलून पाहिला, डब्यामागचा तो फोटो पाहिला. मग मला म्हणाली, "हितंच व्हती ही? मी तिकडं लाकडापुढं ठेवायची आन् ही हितं जेवायची?"

होय म्हणून मी मान हलवली.

सरितानं दोघींना ताटं वाढली. म्हातारीनं स्वतःच्या ताटातली भाकरी मोडली, भाजीला लावली आणि सुलाबाईंच्या पुढ्यात धरली. त्यांनी घेतली, खाल्ली. म्हातारी एकटक त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. घास चावून, गिळून होईपर्यंत तिनं नजर काढली नाही. मग दुसरा घास मोडला.

"मीठ बरं हाय का गं?" तिनं विचारलं.

"नाय आई," सुलाबाई म्हणाल्या. "कमी हाय."

होतंच. या आठवड्यात स्वयंपाक मी करत होतो.